सगळ्यात टफ प्राणी कोणता, ढोरांच्या डॉक्टरला विचाराल तर

भाच्याचा मेसेज आला, "मामा, मांडवात रात्रभर भांडण झालं, आता तुम्हीच सांगा." दांडिया बाजारच्या गणपतीचं डेकोरेशन करता करता पाच-सहा पोरं जगातला सगळ्यात टफ प्राणी कोणता यावर बसली भांडत, एक म्हणतो सिंह आणि तोही आपला गीरचा, दुसरा म्हणतो हनी बॅजर, म्हणजे तो छोट्या कुत्र्याएवढा शिकारी प्राणी, कारण त्याला नाग चावला तरी तो थोड्या वेळाने उठून चालायला लागतो, तिसऱ्याने टार्डिग्रेड काढलं, म्हणजे ते जलअस्वल जे अंतराळात पण मरत नाही. मिटेना म्हणून ठरलं की मामा 1998 पासून बडोद्यात ढोरांची डॉक्टरकी करतात, ते सांगतील ते फायनल.

फायनल वगैरे राहू दे, पण माझं मत आधीच सांगून टाकतो, मगर. आपल्या बडोद्याच्या विश्वामित्री नदीतली मगर. आता का ते नीट सांगतो, जरा लांबेल.

तुमचं भांडण मिटत नाही कारण "टफ" या एका शब्दात तुम्ही तीन-चार गोष्टी कोंबल्यात. आपल्याकडे याला वेगवेगळे शब्द आहेत. बैल दणकट असतो, गाढव काटक असतं, गोचीड चिवट असते, आणि मांजर जिवट, म्हणजे जिचा जीव लवकर जात नाही. सिंहवाला दणकटपणाबद्दल बोलतोय, टार्डिग्रेडवाला जिवटपणाबद्दल, मग एकमेकांचं पटणार कसं. माझ्या टेबलावर जनावर येतं तेव्हा मी ते किती दणकट आहे हे बघत नाही, मी बघतो की याला कशाकशाने धक्का बसू शकतो आणि त्यातलं किती हे झेलून उभं राहील. भूक, तहान, जखम, घाण, विष, रोग, ऊन, थंडी. त्याच हिशोबाने एकेक घेऊ.

टार्डिग्रेडवाल्या पोराचं मला कौतुक वाटलं, कारण ते बघायला अंतराळात जायची गरज नाही, आपल्या वाड्याच्या भिंतीवर आहेत. दोन वर्षांपूर्वी पावसाळा संपताना आमच्या मागच्या भिंतीवरचं वाळलेलं शेवाळ, ते मऊ गादीसारखं असतं ते, खरवडून मी रात्रभर बशीत पाण्यात ठेवलं आणि सकाळी पिळून त्याचा थेंब शेण तपासायच्या मायक्रोस्कोपखाली घेतला. तिसऱ्या स्लाइडला दिसलं. अर्धा मिलिमीटर पण नाही, आठ आखूड पाय, पायांना नख्या, आणि चाल अगदी अस्वलासारखी डुलत डुलत. 1773 मधे गोएझे नावाच्या जर्मन माणसाने याला छोटं जलअस्वल म्हटलं होतं ते किती बरोबर होतं हे बघितल्यावरच कळतं. मी क्लिनिक उघडायचं विसरून अर्धा तास तेच बघत बसलो होतो.

शेवाळ वाळायला लागलं की हा प्राणी पाय आत ओढून घेतो, अंगातलं जवळजवळ सगळं पाणी सोडतो आणि एक सुरकुतलेली गोळी होऊन पडून राहतो. अशा गोळ्या 2007 मधे रशियाच्या फोटॉन-एम3 यानातून वर पाठवून दहा दिवस उघड्या अंतराळात ठेवल्या, परत आणून पाणी घातलं तर बऱ्याच चालायला लागल्या. सूर्याचे अतिनील किरण ज्यांच्यावर थेट पडले त्यातल्या मात्र फारच थोड्या वाचल्या. जपानी लोकांनी अंटार्क्टिकातलं 1983 सालचं शेवाळ फ्रीज करून ठेवलं होतं, तीस वर्षांनी वितळवलं तर त्यातल्या एकाने नंतर अंडी पण घातली.

एवढं सगळं मान्य. पण हे सगळं तो गोळी असताना. त्या वेळी तो सहन करत नाहीये, त्याचं सगळं काम बंद आहे, दुकानाचं शटर खाली आहे. शटर वर असताना काय होतं ते 2020 मधे डेन्मार्कच्या लोकांनी तपासलं, जागी, हलती-चालती टार्डिग्रेड 37 अंशाच्या आसपास चोवीस तास ठेवली तर निम्मी मेली. 37 अंश म्हणजे आपल्याकडे मार्चमधली दुपार. म्हणून झोपेतल्या जिवटपणाचा पहिला नंबर मी डोळे झाकून त्याला देतो, पण मला जागा राहून झेलणारा प्राणी हवाय.

सिंहाचं लवकर आटपतो. दणकट आहे, त्याबद्दल वादच नाही, पण सप्टेंबर 2018 मधे गीरच्या दलखाणिया रेंजमधे काही आठवड्यात 23 सिंह गेले आणि तपासण्यात सापडला कॅनाइन डिस्टेंपरचा व्हायरस. हा कुत्र्यांचा रोग आहे, तुमच्या घरचं पिल्लू दीड-दोन महिन्यांचं झालं की मी जी पहिली लस टोचतो ती याचीच असते. 1994 मधे आफ्रिकेत सेरेंगेटीला याच व्हायरसने हजारच्या आसपास सिंह नेले होते, तिथल्या एकूण सिंहांपैकी तिसरा हिस्सा. एवढा राजा, आणि गावातल्या कुत्र्याच्या शिंकेने जातो. मला गीरच्या सिंहांची खरंच काळजी वाटते, सगळे एकाच भागात आहेत.

हनी बॅजर, याला गुजरातीत घोरखोदियुं म्हणतात आणि तो आपल्या गुजरातेत पण आहे, फक्त रात्रीचा फिरतो म्हणून दिसत नाही. याची कातडी जाड आणि अंगाला सैल, मानेला धरलं तर हा कातडीच्या आतल्या आत वळून धरणाऱ्याला चावतो, हे खरं आहे. नागाच्या विषाचं पण खरं आहे आणि त्याचं कारण फार सुंदर आहे. नागाचं विष स्नायूंच्या ज्या रिसेप्टरला जाऊन चिकटतं, मज्जातंतूचा हुकूम जिथून स्नायूत शिरतो तो दरवाजा म्हणा, त्याची बांधणी याच्यात थोडीशी बदललेली आहे, त्यामुळे विषाची किल्ली कुलपात बसत नाही. अशीच सोय मुंगसात आहे, साळूसारख्या काटेरी हेजहॉगमधे आहे आणि डुकरात पण आहे, प्रत्येकात वेगवेगळी तयार झालेली. म्हणजे या एका बाबतीत तुमचा हनी बॅजर आणि उकिरड्यावरचं डुक्कर एकाच रांगेत. आणि हे कुलूप नागासारख्यांच्या विषापुरतं, घोणशीचं विष रक्तावर चालतं तिथे या बदलाचा उपयोग नाही. शिवाय सिंह आणि बिबट्या हनी बॅजरला मारतात, व्हिडिओमधे तेवढं दाखवत नाहीत.

आणि जाता जाता, जेवढे सस्तन प्राणी तेवढे सगळे रेबीजपुढे सारखेच. हनी बॅजर असो, सिंह असो, हत्ती असो, लक्षणं सुरू झाली की संपलं. मी पिसाळलेली म्हैस बघितलीय, सहा माणसांना आवरत नव्हती आणि चौथ्या दिवशी मेली. म्हणून माझ्या यादीत सस्तन प्राण्यांचे मार्क तिथेच कमी होतात.

आता ज्याचं नाव तुमच्यापैकी कोणीच घेतलं नाही त्याच्याबद्दल बोलायचंय, कारण ते माझ्या मनाला लागलेलं आहे. गिधाड. पोटाच्या बाबतीत याच्याएवढा टफ प्राणी मला दुसरा माहीत नाही. जठरातलं आम्ल इतकं जहाल की सडलेलं मांस, त्यातले जंतू, सगळं जिरवून टाकतं, जे खाऊन तुम्ही-आम्ही दुसऱ्या दिवशी सलाइनवर असू. मी प्रॅक्टिस सुरू केली तेव्हा पांजरपोळीतल्या म्हाताऱ्या गायींना ताप, सूज, दुखणं काहीही असलं की आम्ही डायक्लोफेनॅक टोचायचो, स्वस्त आणि गाय तासाभरात कान टवकारून उभी. मी किती टोचलं असेल याचा हिशोब नाही. त्यातली एखादी दोन दिवसांनी मेली की तिला गावाबाहेर टाकायचे आणि गिधाडं उतरायची. ते औषध गिधाडाच्या मूत्रपिंडाला चालत नाही. मूत्रपिंड बंद पडतं, युरिक ॲसिड अंगात साठतं, आणि मेलेल्या गिधाडाचं पोट उघडलं तर हृदय, यकृत सगळ्यावर खडूची पूड शिंपडल्यासारखा पांढरा थर असतो. हे 2004 मधे पाकिस्तानातल्या गिधाडांवरच्या संशोधनातून पुढे आलं, 2006 मधे आपल्याकडे जनावरांसाठी ते बनवायला बंदी आली, पण तोपर्यंत पांढऱ्या पाठीची गिधाडं शंभरातली नव्याण्णवाहून जास्त गेली होती. त्यानंतर मी मेलॉक्सिकॅम वापरतो, त्याने गिधाडाला काही होत नाही, आणि नव्या पोरांना पहिल्याच दिवशी हे सांगतो. पण जे शेकडो वर्षं सडकं खाऊन जगलं ते आमच्या सिरिंजने गेलं, हे मी विसरू शकत नाही.

उंट आणि गाढव हे काटकपणाचे राजे. उंटाचं रक्त स्लाइडवर घेतलं तर पेशी गोल नसतात, लांबट असतात, मी कॉलेजमधे पहिल्यांदा बघितलं तेव्हा स्लाइड बिघडली असं वाटलं होतं. म्हणूनच अंगातलं पाणी कमी होऊन रक्त घट्ट झालं तरी त्या पेशी वाहत राहतात, आणि नंतर एकदम शंभर लिटर पाणी दहा-पंधरा मिनिटांत प्यायला तरी फुटत नाहीत. भरूचजवळ नर्मदेच्या मुखाशी अलियाबेटाला खराई उंट आहेत, ते तर भरतीच्या पाण्यात पोहतात, जमलं तर एकदा जाऊन बघा. पण एवढा उंट घोडमाशीच्या चाव्यातून आलेल्या सर्रा रोगाने झिजून झिजून मरतो.

गाढवाचं मात्र जरा थांबून सांगतो, कारण लोक त्याला फार गृहीत धरतात. तहान सोसण्यात ते उंटाच्या पंगतीला बसतं. आणि दुखणं लपवण्यात त्याचा हात कोणी धरणार नाही. घोड्याच्या पोटात दुखलं तर तो लोळतो, पाय आपटतो, सगळ्या गल्लीला कळतं. गाढव फक्त मान खाली घालून उभं राहतं. काही वर्षांपूर्वी वीटभट्टीवरून एक माणूस गाढवी घेऊन आला, म्हणाला साहेब बाकी काही नाही, दोन दिवस खाणं जरा कमी आहे, काल संध्याकाळपर्यंत विटा वाहिल्यात. पुढचा खूर उचलला तर तळाशी पू, दाबला की काळं पाणी बाहेर आलं, आणि ही बाई त्यावर विटा घेऊन चालत होती. मी रक्त काढून नळी खिडकीत उभी ठेवली आणि खूर कोरायला बसलो. पंधरा-वीस मिनिटांनी नळीकडे बघितलं तर वरचं पाणी, जे पिवळसर स्वच्छ दिसायला हवं, ते दुधासारखं पांढरं. गाढवाने खाणं सोडलं की अंगातली चरबी भराभर रक्तात उतरते आणि यकृत, मूत्रपिंड बसवते. सलाइन, ग्लुकोज, नळीने पेज, सगळं केलं, तिसऱ्या रात्री ती गेली. मालक माझ्यासमोर रडला, म्हणाला कधी तक्रारच केली नाही हो हिने. म्हणून गाढव पाळणाऱ्याला मी एकच सांगतो, लंगडण्याची वाट बघू नका, एक वेळ खाल्लं नाही की त्याच दिवशी आणा.

पक्ष्यांमधे दोघांची नावं घ्यायलाच हवीत. एक आपल्या डभोईजवळच्या वढवाणा तलावावर हिवाळ्यात येतो तो पट्टकादंब, डोक्यावर दोन काळे पट्टे असलेला हंसासारखा. हा हिमालय ओलांडून येतो, सात हजार मीटरच्या वर उडताना याची नोंद झालीय, जिथे आपण दोन पायऱ्या चढलो तर धाप लागेल तिथे हा पंख मारतो. दुसरा गॉडविट, त्यातल्या एका पाच महिन्यांच्या पिल्लाने 2022 मधे अलास्कापासून टास्मानियापर्यंत 13,560 किलोमीटर अकरा दिवसांत कुठेही न उतरता कापले. दमाच्या बाबतीत यांच्यापुढे कोणी नाही, पण बर्ड फ्लू आला की पक्ष्यांचं काय होतं ते मी बघितलंय.

आता मगर. ऑगस्ट 2024 च्या पुरात तुम्ही सगळ्यांनी व्हिडिओ बघितले, सोसायट्यांमधे, रस्त्यावर, छपरावर मगरी. त्यातलीच एक, नऊ फुटाच्या जवळपास, रेस्क्यूवाल्या पोरांनी पार्किंगमधून काढली आणि शेपटीला जखम दिसते म्हणून मला बोलावलं. डोळ्यांवर ओलं पोतं, जबड्याला दोरी (मगरीचा चावा भयंकर, पण जबडा उघडायचे स्नायू कमजोर, साधी दोरी पण पुरते). टॉर्च मारला तर शेपटीला वीतभर चीर, बहुतेक पत्र्याने कापलेली, आणि पुढचा डावा पंजा मनगटापासून नाहीच. तो जुना, कधीतरी दुसऱ्या मगरीने तोडलेला असणार, टोक कातडीने इतकं व्यवस्थित बंद झालेलं की मी टाके घालून एवढं साफ केलं नसतं. आता विचार करा ती कुठे राहते. शहराचं सांडपाणी ज्या नदीत येतं त्या नदीत. त्या पाण्यात कुत्र्याला एवढी जखम झाली तर चार दिवसांत किडे पडतात, आठव्या दिवशी मला पाय कापावा लागतो. हिची तीन दिवसांची उघडी चीर मी स्वॅबने आतपर्यंत पुसली, पू नाही, वास नाही, आत गुलाबी मांस. मगरीच्या रक्तातच जंतूंना मारणारे घटक आहेत, त्यावर जगभर काम चालू आहे. मी एक अँटिबायोटिक दिलं, तेही हिच्या अंगातून इतकं सावकाश बाहेर पडतं की दुसरा डोस तीन दिवसांनी, कुत्र्याला तेच औषध दिवसातून दोन-तीनदा द्यावं लागतं.

आणि हा सगळा सावकाशपणाच तिचा खरा जोर आहे. मोठी मगर महिनोन्महिने खाल्ल्याशिवाय राहते. पाण्याखाली गेली की हृदयाचे ठोके अगदी मोजके होतात, आणि हृदयाला चार कप्पे असून फुफ्फुसाकडचं रक्त वळवून घ्यायची खास सोय आहे, त्यावर ती तासभर खाली राहू शकते. उन्हाळ्यात नदी आटली की काठात बीळ खणून पडून राहते. रेबीज तिला होत नाही. 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी डायनासोर गेले तेव्हा हिचे पूर्वज वाचले, आणि आज त्यांचाच वंश पंचवीस लाखाच्या शहराच्या मधोमध, पुलांखाली, आपल्या कचऱ्यात, शेकड्यांनी राहतो. टार्डिग्रेडसारखं शटर पाडून नाही, जागी राहून. म्हणून माझा पहिला नंबर तिला.

तिची दुखरी बाजू पण सांगायला हवी, नाहीतर उत्तर अर्धं राहील. थंडी तिला सोसत नाही, डिसेंबरात ऊन मिळालं नाही तर खाल्लेलं पचत पण नाही. पिल्लांमधली बहुतेक सगळी पहिल्या वर्षातच बगळे, घारी, मासे, मोठ्या मगरी यांच्या पोटात जातात. आणि सगळ्यात महत्त्वाचं, झटापट. मगरीचे स्नायू जोर लावतात ते ऑक्सिजनशिवाय, थोडाच वेळ, मग रक्तात लॅक्टिक ॲसिड साठतं आणि ते उतरायला तिला तासन् तास लागतात, आणि जितकी मगर मोठी तितका धोका जास्त. एकदा एका गावात लोकांनी अकरा-बारा फुटी मगर दोराने बांधून दीड तास ओढली, हुर्यो चालू, फोटो चालू. मी पोचलो तेव्हा अंगावर एक ओरखडा नव्हता. रात्री ती मेली. जिला सांडपाण्यातली जखम काही करू शकत नाही तिला दीड तासाची गर्दी मारते. म्हणून पुरात मगर दिसली तर हाताने, काठीने, दोराने काही करायचं नाही, वनखात्याला किंवा रेस्क्यूवाल्यांना फोन करायचा, कुत्री-मुलं घरात घ्यायची आणि लांब उभं राहायचं. वन्यजीव कायद्यात ती शेड्यूल एकमधे आहे, वाघाच्या बरोबरीने, हे पण लक्षात ठेवा.

त्या पंजा नसलेल्या मगरीला पाणी उतरल्यावर सोडलं. जानेवारीत काळाघोड्याच्या पुलावरून सकाळी जाताना गाडी थांबवली, खाली चिखलाच्या काठावर चार मगरी उन्हाला पडल्या होत्या, त्यातल्या एकीचा पुढचा डावा पाय आखूड. तीच असेल असं मी छातीठोक सांगत नाही, पण मला फार बरं वाटलं.

बघायचं असेल तर पुलावरूनच बघा, खाली काठावर अजिबात उतरू नका. आणि टार्डिग्रेडवाल्या, तू रविवारी सकाळी नऊला क्लिनिकवर ये, येताना तुमच्या मांडवामागच्या जुन्या भिंतीवरचं शेवाळ कागदाच्या पुडीत घेऊन ये, प्लास्टिकमधे नको, आणि आदल्या रात्री थोडं वेगळं काढून पाण्यात भिजवून ठेव. मी मायक्रोस्कोप मांडून ठेवतो.